आधी तोच शिवला

"शरयू, समुद्राला पर्वणीशिवाय शिवायचं नाही हं. पिंपळाला शनिवारी, समुद्राला पर्वणीला. पौर्णिमा लागेपर्यंत नुसतं दर्शन घ्यायचं, लांबून हात जोडायचे. आणि शिवाल तेव्हा दोघी मिळून शिवा."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा मी देवघराच्या उंबऱ्याशी बसून समुद्राच्या ओटीचं सामान पिशवीत भरत होते. हिरवा खण, नारळ, मूठभर गहू, हळदीची पुडी. आमच्या पुसदला समुद्र नाही, पूस नदी आहे, आणि तीही उन्हाळ्यात नावापुरती. घरातल्या कुणीच कधी समुद्र पाहिला नव्हता. सासूबाईंनीही नाही. तरी त्याच्याशी कसं वागायचं हे त्यांना पाठ होतं.

"आई, अगं आम्ही समुद्र बघायला चाललोय की सोवळ्यातल्या सासूला?" वन्सं आतल्या खोलीतून म्हणाल्या.

वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, मंदाकिनी पिंपळखुटे. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिल्या. गावातल्या निम्म्या बायकांना भरती-ओहोटी त्यांनीच शिकवली होती. फळ्यावर चंद्र काढायचा, पृथ्वी काढायची, पाणी दोन्हीकडे फुगवून दाखवायचं. एका वर्षी एका मुलीनं उभं राहून विचारलं होतं, "बाई, तुम्ही समुद्रात पाय बुडवलेत?" वन्संनी खरं ते सांगितलं, वर्ग हसला, त्याही हसल्या. पण ती गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली होती की ते हसणं पुरतं हसून झालेलं नाही, हे मला कळत होतं.

म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच मागितलं. समुद्राला जायचं, आणि शरयूला बरोबर न्यायचं. यांनी नागपूरहून विशाखापट्टणमची तिकिटं काढली. द्वादशीला पोचायचं, कोजागरी समुद्रावर करायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं परत. सासूबाईंना शेजारच्या जानकीबाईंच्या भरवशावर ठेवायचं होतं, त्यामुळे एक दिवसही वाढवायची सोय नव्हती.

"एक मंदाकिनी, एक शरयू," निघताना वन्सं म्हणाल्या. "दोन्ही नद्याच की गं. नदीला कसली पर्वणी लागते समुद्राला भेटायला?"

"मंदा, चेष्टा नको," सासूबाई म्हणाल्या. "मला शब्द दे."

वन्सं आयुष्यात कधी देवापुढे बसल्या नव्हत्या. पण आईपुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "दिला. पौर्णिमेलाच शिवू."

स्टेशनवर आम्हांला अप्पाराव नावाचा रिक्षावाला मिळाला आणि मग रोज तोच येत राहिला. त्याचं हिंदी माझ्यापेक्षाही मोडकं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. लॉजकडे जाताना एका वळणावर त्यानं रिक्षा थांबवली आणि अभिमानानं हात पसरला. "अम्मा, देखो. समुंदर."

मी पाहिलं आणि हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं ते का, मला सांगता येणार नाही. एवढं मोठं काहीतरी रोज इथं आहे आणि आपण तिकडे लाकडी पाटावर बसून इवल्या गडव्यातून अर्घ्य सोडतो, असं काहीतरी वाटलं.

वन्सं रिक्षातच बसून होत्या. मान वर, चेहरा वाऱ्याकडे.

"हं. निरीक्षण सांग," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"काय दिसतं ते सांग. रंग कोणता?"

मी भांबावले. लग्न होऊन आले तेव्हा त्या मला असंच विचारायच्या: आज कणीक कोणत्या गव्हाची, ढग कोणत्या दिशेला. मास्तरणीची सवय. स्वतःला ठाऊक असलेलंच विचारायचं आणि उत्तराची वाट पाहायची.

"लांबवर हिरवट आहे," मी म्हणाले. "तांब्याच्या भांड्याला चिंच लावायच्या आधी जो राप असतो ना, तसा. जवळ आला की पांढुरका होतो. भिजवलेल्या साबुदाण्यासारखा."

"शाबास. लाटा?"

"एकामागून एक येतात. पण सारख्या नाहीत. एखादी येता येताच विसरून जाते आणि मागची तिच्या अंगावरून पुढे येते."

"आणि फेस?"

"ताक घुसळताना रवीभोवती चढतो तसा. मग वाळूवर येऊन बसतो. बसला की चुर्र चुर्र असा..."

"आवाज राहू दे," वन्सं म्हणाल्या. "तो येतोय मला ऐकू."

अप्पाराव आमच्याकडे आळीपाळीनं पाहत होता. "बडी अम्मा टीचर है?" त्यानं मला विचारलं.

"हाँ. भूगोल की."

"मेरे को भी बहुत मारा भूगोल टीचर," तो म्हणाला आणि त्यानं रिक्षा सुरू केली.

संध्याकाळी आम्ही चौपाटीवर गेलो. केवढी माणसं! बायका साड्या पोटऱ्यांपर्यंत उचलून पाण्यात उभ्या, पोरं ओरडताहेत, कोळशावर मक्याची कणसं भाजली जाताहेत. आम्ही दोघी कोरड्या वाळूवर, लाटेची ओल जिथं संपते तिच्या चार हात अलीकडे बसलो. वन्संनी चपला काढून पाय वाळूत खुपसले होते. एक लाट बरीच वर आली तसे मी पदर सावरून पाय मागे घेतले आणि वन्संचेही ओढले.

"अगं, पळतेस काय. चावतो का तो?"

"वन्सं, नेम माझा आहे," मी म्हणाले. "तुम्ही खुशाल शिवा. आईंना मी काही सांगणार नाही."

"आणि आईला दिलेला शब्द कुणाचा? तुझ्या काकाचा?" त्यांनी वाळूची मूठ भरली आणि हळूहळू सोडली. "नाही. एवढी वर्षं थांबले, पौर्णिमेपर्यंत थांबते. पण तूही मला एक वचन दे."

"कसलं?"

"ज्या दिवशी समुद्राला शिवशील त्या दिवशी माझा हात धरून शिवायचं. मला टाकून एकटीनं पुढे जायचं नाही."

"आईंनी सांगितलंच आहे, दोघी मिळून म्हणून."

"आईनं सांगितलं ते आईचं. मी माझं मागतेय."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. "दिलं."

"नीट म्हण. तुला नेम घेता येतो, तसं म्हण."

मी हसले, पण म्हटलं. संकल्प सोडावा तसं, शब्दन्‌शब्द. "तुमचा हात धरल्याशिवाय मी समुद्राला शिवणार नाही."

मी रोज सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय पाणी घेत नाही. लॉजवर गच्ची होती आणि गच्चीत मरायला टेकलेल्या मोगऱ्याची एक कुंडी. पहाटे तिथं उभी राहिले की सूर्य थेट समुद्रातून वर यायचा, आणि मी मोगऱ्यात पाणी सोडायचे. खाली आले की वन्सं अंथरुणातूनच म्हणायच्या, "झालं का तुझं? उजाडलं म्हणायचं."

त्या दिवसांत आम्ही पुष्कळ फिरलो. टेकडीवर एक मोठी बाग आहे, तिथं शंकर-पार्वतीच्या पांढऱ्या शुभ्र मूर्ती बसवल्यात, आणि बागेभोवती लहान मुलांची असावी तशी आगगाडी फिरते. वन्संनी हट्टानं तिकिटं काढायला लावली. माझं कोपर त्यांनी घट्ट धरलं होतं. "तू उगाच धडपडशील," म्हणाल्या, "गावाकडचं ध्यान." गाडी वळणावर आली की खाली अख्खा किनारा दिसायचा, कोयरीसारखा वाकलेला.

"तो बघ, समुद्रात घुसलेला डोंगर," वन्संनी बोट दाखवलं. "डॉल्फिनचं नाक म्हणतात त्याला. पुस्तकात चित्र होतं."

त्यांनी बोट दाखवलं तिकडे नुसतं पाणी होतं. डोंगर दुसऱ्या बाजूला होता.

"वन्सं, तो... इकडे आहे बहुतेक."

त्यांनी बोट खाली घेतलं. मग म्हणाल्या, "शाबास! तुझीच परीक्षा घेत होते. दिशा कोणती?"

"दक्षिण."

"पास."

गाडीतून उतरल्यावर बागेत त्या प्रत्येक झाडाशी थांबल्या. पानं बोटांत धरून चुरगळायच्या, वास घ्यायच्या. हा करंज. हे सुरूचं झाड. ही नक्कीच कण्हेर, आमच्या शाळेच्या कुंपणाला होती. माळी ओरडेल म्हणून माझा जीव टांगणीला. खानावळीत भिंतीवर पदार्थांची नावं लिहिली होती, तर म्हणाल्या, "वाच बरं, इंग्रजी येतं का पाहू." मी अडखळत वाचलं आणि डोसा मागवला. खरं सांगते, माझ्या लग्नानंतर त्या माझ्याशी एवढं कधी बोलल्या नव्हत्या. आणि फक्त तिथंच नाही. त्या उन्हाळ्यापासून मी दुपारी पोथी वाचायला बसले की त्या शेजारी येऊन बसायला लागल्या होत्या. माझ्या मनात यायचं, उशिरा का होईना, वन्संना भक्ती लागली. मी देवापुढे त्यांच्या नावानं एक वात जास्त लावायचे.

चतुर्दशीला दुपारी वारा फिरला. अप्पारावनं आकाशाकडे पाहून तोंड वाकडं केलं.

"तुफान, अम्मा. रेडिओ में बोला."

"इथं येणार?"

"इधर नहीं आएगा, बाजू से जाएगा. पर दरिया गुस्सा करेगा. कल मत आना."

"कल ही तो आना है," मी म्हणाले. "कल पूनम है."

त्याला त्यातलं काही कळलं नसावं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भुरभुर पावसात तो रिक्षा घेऊन आला, न बोलावता.

मी न्हाऊन इरकली नेसले होते. पिशवीत ओटी होती. वन्संनी आईची म्हणून ठेवलेली जुनी नारायणपेठ नेसली होती. निऱ्या नीट बसल्या नव्हत्या, त्या मी जिन्यातच बसवून दिल्या. चौपाटीच्या आधीच दोर बांधलेला होता. लाल निशाणं फडफडत होती. पोलीस शिट्ट्या मारत माणसांना मागे लोटत होते. आणि समुद्र! कालपर्यंतचा तो समुद्र कुठं गेला होता कोण जाणे. पाणी मातीच्या रंगाचं झालेलं, लाटा पायऱ्या चढून रस्त्याकडे येत होत्या.

मी दोराशी गेले. एक तरुण पोलीस होता, माझ्या भाच्याच्या वयाचा.

"भैया, पाँव नहीं डालेंगे," मी म्हणाले. "सिर्फ हाथ. एक बार हाथ लगाके वापस."

"वद्दु अम्मा, वद्दु."

"हमारा व्रत है. आज का ही दिन है. कल हमारी गाडी है."

"वद्दु," तो म्हणाला आणि त्यानं हात जोडले. त्यानं दटावलं असतं तर बरं झालं असतं. हात जोडणाऱ्यापुढे मला पुढे काही बोलता येईना. मी तशीच उभी राहिले, पिशवी छातीशी धरून. अप्पारावनं त्यांच्या भाषेत पुष्कळ काही सांगून पाहिलं. पोलिसानं पाण्याकडे बोट दाखवलं आणि मान हलवली.

"वद्दु म्हणजे काय गं?" वन्सं म्हणाल्या.

"नको, असं असावं."

"गोड शब्द आहे."

तेवढ्यात एक लाट कठड्यावर फुटली आणि तिचा शिंतोडा वाऱ्याबरोबर आमच्यावर आला. मी मान फिरवली. वन्संनी फिरवली नाही. त्यांच्या चष्म्यावर, ओठांवर, कपाळावर पाणी होतं. जीभ बाहेर काढून त्यांनी ओठ चाटले, लहान मुलीसारखे.

"खारट आहे," त्या म्हणाल्या. "जन्मभर सांगत आले, खरंच खारट आहे." मग माझ्याकडे वळल्या. "हे शिवणं धरायचं का गं तुझ्या शास्त्रात?"

मला रडू येत होतं.

"नाही धरायचं," त्यांनीच सांगितलं. "तो शिवला आपल्याला. आपण त्याला कुठं शिवलो? चल."

दिवसभर आम्ही खोलीत बसून राहिलो. दर थोड्या वेळानं मी खिडकीशी जाऊन दोर निघाला का पाहायचे. नव्हता निघाला. संध्याकाळी पाऊस थांबला. लॉजमध्ये नागपूरकडची आणखी दोन कुटुंबं होती, त्यांनी गच्चीवर आटीव दूध करायचं ठरवलं होतं. आम्हांलाही बोलावलं. चंद्र दिसला नाही तरी कोजागरी ती कोजागरी. पण आम्ही वर जाऊन बसतो न बसतो तोच गावभराची वीज गेली. सगळं काळं झालं. आकाश तव्याच्या बुडासारखं, एक चांदणी नाही. लोक काहीबाही विनोद करत होते.

मग समोरच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीत जनित्र घरघरलं आणि तिच्या डोक्यावरचा मोठा दिवा एकदम लागला. गच्चीवरच्या पोरांनी "आला! आला!" म्हणून टाळ्या पिटल्या. वीज आली असं त्यांना वाटलं होतं.

वन्संनी दोन्ही हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हात जोडताना पाहिलं.

"केवढा गं!" त्या म्हणाल्या. "समुद्रातनं आला की काही वेगळाच असतो नाही? आईनं पाहायला हवा होता."

मी त्या दिव्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. त्यांचा चेहरा उजळला होता, चष्म्याच्या दोन्ही काचांत दोन पिवळे ठिपके. दूध ढवळणारी बाई आमच्याकडे पाहायला लागली तशी मी वन्संच्या आणि तिच्या मध्ये सरकून बसले.

"हो," मी म्हणाले. "मोठा आहे."

वन्संचे जोडलेले हात हळूहळू मांडीवर आले.

"शरयू, तुला खोटं बोलायची सवय नाही. तुझा 'हो' उघडा पडतो," त्या हळूच म्हणाल्या. "काय आहे ते?"

"समोर इमारत बांधताहेत. तिचा दिवा."

"आणि चंद्र?"

"ढगांत आहे."

"बरं."

मी त्यांचा हात धरला. गार पडला होता. मनात एकेक गोष्ट जागची हलत होती. भिंतीवरची नावं, न बसलेल्या निऱ्या, माझं कोपर, समुद्रात घुसलेला डोंगर.

"कधीपासून, वन्सं?"

"उन्हाळ्यापासून. नागपूरला दाखवून आले होते ना, चष्म्याचा नंबर म्हणून? नंबर नव्हता. नसा वाळत चालल्यात म्हणाले. उपाय नाही. आता उजेड तेवढा कळतो. उजेड आहे की नाही, एवढंच."

"म्हणजे समुद्र..."

"तू सांगितलास तेवढा."

खाली कुणीतरी भजन म्हणत होतं, त्याचा सूर वाऱ्यानं तुटत होता.

"म्हणून पोथी ऐकायला बसत होतात?" मी विचारलं.

वन्सं हसल्या. "अगं, वर्तमानपत्र तू मोठ्यानं वाचत नाहीस ना. मग काय करू? जे मोठ्यानं वाचतेस ते ऐकते. तो राजा किती वेळा वनात जातो गं, कंटाळत नाही?"

मला हसायला आलं आणि त्याच श्वासात रडायला. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं, जणू माझेच डोळे गेले होते.

"घरी सांगायचं नाही हं," त्या म्हणाल्या. "आईला कळलं तर उरलेलं आयुष्य ती उपास करील. जेव्हा कळायचं तेव्हा कळेल. आणि ती समुद्राचं विचारेल तेव्हा मी सांगीन. तू मध्ये बोलायचं नाहीस."

"आईंनी सांगितलं होतं, नुसतं दर्शन घ्या, शिवू नका," मी म्हणाले. "वन्सं, तुमच्यासाठी तर..."

"हं," वन्सं म्हणाल्या. "माझ्यासाठी उलटं आहे. पण आईला काय माहीत?"

दुधाचे पेले आले. त्यांनी आपला पेला दोन्ही हातांनी घेतला, माझ्या हातून.

दुसऱ्या दिवशी मी अर्घ्य द्यायला गच्चीवर गेले तेव्हा आकाश धुतल्यासारखं होतं. खाली रस्त्यावर दोर सोडत होते. समुद्र ओहोटीला लागून लांब गेला होता, मुकाट, जणू काल तो नव्हताच. पौर्णिमा पहाटेच संपलेली. प्रतिपदा लागली होती.

मी मोगऱ्यात पाणी सोडलं आणि खाली आले. वन्सं अंथरुणात उठून बसल्या होत्या.

"वन्सं, तोंड धुवा. आपण खाली जाऊ. दोर सोडलाय."

"आज कोणती तिथी?"

"प्रतिपदा."

"मग?"

"मग काही नाही," मी म्हणाले. "आपण शिवून येऊ. माझा नेम आहे, मी मोडते. त्याचं जे काय असेल ते मी पाहीन. देवाला मी सांगीन."

मी असं कधी कुणाशी बोलले नव्हते. वन्सं माझ्या आवाजाच्या रोखानं बघत राहिल्या.

"इकडे ये. बस." मी बसले. "मला तुझं सगळं पटतं का? नाही पटत. शनिवार, पिंपळ, पर्वणी, मला हसूच येतं. पण एक सांगते. तू पहाटे अंगणात पाणी सोडतेस ना तांब्यातून, त्या आवाजानं मला कळतं की सकाळ झाली. उजेड आज कळतोय, पुढच्या वर्षी कळेल न कळेल. तो आवाज मला हवाय. आज माझ्यापायी एक मोडलास, तर उद्या कशापायी तरी दुसरा मोडशील. मोडू नकोस गं."

"एका दिवसानं काय होतं, वन्सं?"

"तूच सांग. तू नेमाची बाई."

मी पांघरुणाची घडी घालू लागले.

"परत येऊ," त्या म्हणाल्या. "पौर्णिमा काय, दर महिन्याला असते."

दुपारी अप्पारावनं स्टेशनवर सोडलं. जाताना मुद्दाम चौपाटीवरून रिक्षा घातली आणि त्याच वळणावर थांबवली. "अम्मा, अब शांत. जाओ, हाथ लगाओ. मैं रुकता." मी वन्संकडे पाहिलं. त्या मान वर करून वारा घेत होत्या. "चलो भैया," मी म्हणाले. ओटीची पिशवी माझ्या मांडीवर तशीच होती.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई दिवाणावर बसून वाटच पाहत होत्या. वन्संना पाय धुवायला दगडापर्यंत जायला कुणाची मदत लागली नाही. घरात त्यांना पाऊल न्‌ पाऊल ठाऊक होतं. त्या आईच्या पायाशी येऊन बसल्या.

"काय गं मंदा, कसा होता समुद्र?"

"लांबवर हिरवट, आई," वन्सं म्हणाल्या. "तांब्याच्या भांड्याला चिंच लावायच्या आधी राप असतो ना, तसा. जवळ आला की पांढुरका. भिजवलेल्या साबुदाण्यासारखा."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"लाटा एकामागून एक येतात, पण सारख्या नाहीत. एखादी येता येताच विसरून जाते, आणि मागची तिच्या अंगावरून पुढे येते."

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. "आणि फेस?"

"ताक घुसळताना रवीभोवती चढतो तसा."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझा एकही शब्द त्यांनी सांडला नव्हता. पदर तोंडाशी धरून मी भिंतीला टेकले.

"पौर्णिमेला शिवलात ना दोघी?"

वन्संनी आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आधी तोच शिवला, आई," त्या म्हणाल्या. "तोंडभर शिवला. खारट आहे."

सासूबाई खूष झाल्या. त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच हात जोडले.

त्याच थंडीत सासूबाई मोरीत पडल्या आणि पुढं अंथरुणाला खिळल्या त्या कितीतरी वर्षं. त्यांना एकटं टाकून दोघींनी जायचं कसं? दर महिन्याला पौर्णिमा येत होती आणि जात होती. वन्संचा उजेडही गेला. घरात सगळ्यांना कळलं, आईंनाही कळलं, आणि त्यांनी वन्सं म्हणाल्या होत्या तेच केलं: उपास धरले. मधे एकदा मुलाबरोबर मला गणपतीपुळ्याला जावं लागलं. नेमकी पौर्णिमा होती. सगळे पाण्यात होते, सूनबाई हाका मारत होती, "आई, आज तर चालतं ना तुम्हांला?" गुडघे दुखतात म्हणून मी कोरड्या वाळूवर बसून राहिले.

सासूबाईंचं वर्षश्राद्ध या भाद्रपदात झालं. ओटीतला तो नारळ वाळून आत खुळखुळायला लागला होता, तो मी नदीत सोडला आणि नवा आणला. खण तोच ठेवला.

रिक्षा दुपारची सांगितली होती. मी पिशवी घेऊन बाहेर आले तर वन्सं आधीच ओट्यावर बसलेल्या, चपला घालून, नारायणपेठ नेसून. निऱ्या मी सकाळीच बसवून दिल्या होत्या. उजवा हात थोडा पुढे धरला होता, माझं कोपर येतं तिथं.

"आज कोणती तिथी?"

"एकादशी."

"म्हणजे वेळेत पोचू."

"पोचू."

"तांब्या घेतलास तुझा?"

"घेतला."

"वाजव पाहू."

मी पिशवीत हात घालून नखानं तांब्यावर टिचकी मारली. वन्सं उठल्या आणि माझं कोपर धरून पायरी उतरू लागल्या.